‘माझं न्हाई’ म्हणालेली बाई

आजही ती गोष्ट आठवली की मला आधी हसू येतं आणि लाज मागून येते. खरं तर क्रम उलटा असायला पाहिजे, पण मी आहेच तशी. म्हणून आधी कबुली देऊन मोकळी होते. एकोणीस वर्षांची असताना, भर बाजाराच्या दिवशी, पोलीस ठाण्याच्या अंगणात, निम्म्या गावासमोर मी एका साडेचार वर्षांच्या लेकराचा परकर वर केला आणि बोंब ठोकली, "अमीनसाहेब, पोरगी न्हाई, पोरगा हाये." मला वाटलं, आता साहेब माझी पाठ थोपटणार. मी तर मनातल्या मनात शाबासकीचा कागदही उर्दूत लिहून घेतला होता. मला उर्दू वाचता येत नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

त्या एका बोंबेनं एका बाईचं लेकरू तिच्यापासून तोडलं.

मी निवृत्त झाले ती महिला पोलीस जमादार म्हणून. पण ही हकीगत आहे मोगलाईतली, म्हणजे निजामाच्या राज्यातली. तेव्हा बायका पोलिसात नसत. मोठ्या ठाण्यांत फार तर एखादी झडतीवाली असे. बाई कैदी आली की तिची झडती घ्यायची, तिला भाकरी द्यायची, तिला कोठडीतून बाहेर न्यायची-आणायची, एवढंच तिचं काम. माझा नवरा शिपाई होता. तो हिवतापानं गेला. पदरी लेकरू नव्हतं. अमीनसाहेबांनी, म्हणजे आमच्या ठाण्याच्या अंमलदारांनी, दया करून मला ही जागा दिली. ठाण्यामागच्या चाळीत एक खोली होती. बोलायला म्हणाल तर खोलीत एक रांजण आणि एक मी. रांजण कधी उलट उत्तर देत नसे, पण मी त्याच्याशी भांडत असे. शेजारच्या शिपायांच्या बायका दारातूनच बोलत. ठाण्यातल्या बाईच्या हातचं पाणी नको, असं त्यांच्या मनात असावं. मी चोरांच्या अंगाला हात लावत होते ना.

आमचं ठाणं जाफराबादेच्या पुढं, अगदी हद्दीवर. नदीच्या अलीकडं मोगलाई, पलीकडं वऱ्हाड, म्हणजे इंग्रजी अंमल. नदीला पाणी गुडघाभर. शेरडं रोज राज्य बदलत आणि त्यांना कुणी काही विचारत नसे. माणसांनाही एरवी कुणी विचारत नसे. कापूस वेचायला पलीकडची माणसं दरसाल येत, पालं ठोकत आणि वेचणी संपली की जात.

त्या साली मात्र सगळंच बिघडलं. आमच्याकडं कापूस थोडा आला. वेचायला गावातलेच हात जास्त झाले. तशात पलीकडं देवीची साथ आहे असं कानावर आलं. वरून हुकूम आला की पलीकडच्या माणसाला त्याच्या गावच्या पाटलाची चिठ्ठी असल्याशिवाय आत घेऊ नये, आणि आत असेल त्याला बाहेर घालावं. हुकूम दोन ओळींचा होता. गावानं त्याचं पुराण केलं. पलीकडले आपलं काम खातात. पलीकडले रोग आणतात. पलीकडले विहीर बाटवतात. शेवटी कुणीतरी बोललं, पलीकडले पोरं पळवतात. ते कोण बोललं हे कधी कळलं नाही. पण दोन दिवसांत आया पोरांना दारात खेळू देईनात, आणि दुकानदार पलीकडच्या माणसाला मीठही देईनात.

कुणाही पलीकडच्या माणसाजवळ चिठ्ठी नव्हती. कशी असणार? त्यांचे बाप-आजे चिठ्ठीशिवाय येत आले होते. पहिल्या दिवशी आमच्या शिपायांनी सापडतील तेवढे पुरुष गोळा करून नदीपार घातले. बायका-पोरं पालांवर होती, ती दुसऱ्या दिवशी घालायची असं ठरलं. तो दुसरा दिवस बाजाराचा निघाला. बायकांना वाटलं, जायचंच आहे तर पीठमीठ घेऊन जावं.

खबर आणली ती बांगड्या भरणाऱ्या कासारणीनं. धापा टाकत ठाण्यात आली. तिचं ऐकायला चार माणसं मागून आलीच.

"जमादार, जल्दी चला. पलीकडली एक बाई लेकरू घिऊन आली माझ्याकडं. परकर नेसलेली पोरगी, पण बांगडी भरताना हात असा वढून घेतला की माझ्या दोन बांगड्या फुटल्या. आन् तिला मावशी मावशी म्हणून राह्यली."

जमादार तंबाखू मळत होते. म्हणाले, "मावशी म्हणली तं मावशी असंल. त्यात काय गुन्हा हाये?"

"मी इचारलं, हिची आई कुठं हाये? तं ती बाई उठून चालायला लागली. उत्तर का न्हाई दिलं मंग? बराबर हाये का हे?"

इतक्यात बाहेर गलका झाला. गावानं आमची वाट पाहिलीच नव्हती. त्या बाईला धरून, ओढत, ते ठाण्याकडं घेऊन आले होते. तिची बाही फाटलेली, पिठाचं गठुडं रस्त्यात कुठं सांडलेलं. लेकरू तिच्या कडेला घट्ट. साधी काटक बाई, तिशीच्या अलीकडची. रडत नव्हती. गर्दीत एकटं पडलेलं माणूस कसं दिसतं ते मी त्या दिवशी पाहिलं. पाहिलं, पण मला काही वाटलं नाही. मला वाटत होतं ते एवढंच, की आज काम आहे.

अमीनसाहेब बाहेर आले. ते हैदराबादचे, बोली दखनी, माणूस शांत. मला म्हणाले, "बाई, झडती लो."

बाईची झडती आडोशाला घ्यायची असते. हा पहिला नियम, मलाच शिकवलेला. आणि मी काय केलं? आधी लेकरू तिच्या कडेवरून काढून घेतलं. लेकरू हातपाय झाडायला लागलं, त्याचा परकर सुटला, मी तो आणखी वर केला आणि ती बोंब ठोकली.

पुढं जे झालं ते माझ्या बोंबेच्या बळावर झालं. "पोराला पोरीचे कपडे घातलेत, वळखू येऊ नये म्हणून," असं कुणी म्हणालं. "आपलं असतं तं लपवलं कशाला असतं?" दुसरं कुणी म्हणालं. एकानं तिच्या पाठीत चप्पल हाणली. शिपायांनी तिला आत ओढलं नसतं तर तिचं काय झालं असतं सांगता येत नाही. अर्धा जमाव तसाच पालांवर गेला. पालं मोडली, चुली फोडल्या, उरलेल्या बायका-पोरांना हाकत नदीत घातलं. हुकमाचं काम गावानंच करून टाकलं. मागं राहिली ही एकटी, आमच्या कोठडीत. आणि लेकरू माझ्या कडेवर.

साहेबांनी मला शाबासकी दिली का? दिली. "होशियार है," असं म्हणाले. ते दोन शब्द मी महिनाभर पुरवून खाणार होते.

मग जबानी झाली. साहेब खुर्चीवर, कारकून खाली बसून उर्दूत लिहितोय, जमादार मराठी करून सांगताहेत. मी बाईच्या मागं उभी.

"नाव?"

तिनं सांगितलं. गाव सांगितलं. नवऱ्याला कालच नदीपार घातलं, हेही सांगितलं.

"हे पोर कुणाचं?"

तिनं मान वळवून माझ्या कडेवरच्या लेकराकडं पाहिलं.

"बाई, सीधा बोल. बच्चा तेरा है?"

ती खाली बघत म्हणाली, "माझं न्हाई."

कारकुनाची लेखणी थांबली. जमादारांनी पुन्हा विचारलं, जरा आवाज चढवून. तिनं पुन्हा तेच सांगितलं. "माझं न्हाई. सुईणीचं हाये. मी निसती सांभाळते."

"कोणती सुईण? कुठं हाये ती?"

"पलीकडं. गावात."

"तिनं दिलं का तू उचललं?"

"तिनं कोंडा देऊन घेतलं. मी सांभाळते."

कुणालाच काही कळलं नाही. चोरीचा माल कोंड्यानं घेतला, असा त्याचा अर्थ जमादारांनी लावला. कारकुनानं लिहिलं: आरोपी मूल आपले नसल्याचे कबूल करते. कबुली मिळाली की पोलिसाचा जीव थंड होतो. पुढं मी स्वतः शेकडो जबान्या घेतल्या, तेव्हा हा थंडपणा मला पुन्हा पुन्हा भेटला, आणि तो आला की मी सावध व्हायला शिकले. त्या दिवशी मात्र मीही थंड झाले. साहेबांनी हुकूम केला. पाचव्या दिवशी बाईला पहाऱ्यात जालन्याला कचेरीत पाठवायचं, आणि पोराचा वारस सापडेपर्यंत पोर झडतीवालीकडं.

म्हणजे माझ्याकडं.

पोराचं नाव कोंड्या. नाकात बारीक चांदीची तार, केस लांब, वेणी घातलेली. पहिला दिवसभर तो दारात बसून राहिला. ठाण्याच्या भिंतीकडं तोंड करून. त्या भिंतीपलीकडं कोठडी होती, हे त्याला कसं कळलं कोण जाणे. मी गूळ दिला, तो घेतला. भाकरी दिली, तीही घेतली. खाणं आणि रुसणं या दोन्ही गोष्टी तो एकदम करू शकत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याला न्हाऊ घातलं. अंग पुसताना तो हसला. माझ्या खोलीत नवरा गेल्यापासून कुणी हसलं नव्हतं. मी एकदम बोलून गेले, "मला आई म्हण की रे."

त्याचं हसू बंद झालं. "न्हाई."

"का?"

"आई म्हणलं की लेकरू मरतं. सटवी नेती."

सटवी म्हणजे तान्ह्या लेकरांवर नजर ठेवणारी, त्यांना नेणारी. आमच्याकडं सगळे तिला ओळखतात. मी त्याच्या केसातलं पाणी निथळत तशीच बसून राहिले.

आता माझं नाव सांगते. या हकीगतीत कोंड्याखेरीज मी कुणाचंच नाव देणार नव्हते, पण हे द्यावंच लागेल. माझं नाव दगडाबाई. माझ्या आधी माझ्या आईची पाच लेकरं गेली. सहाव्या खेपेला मी झाले, तेव्हा सुईणीनं मला उकिरड्यावर नेऊन ठेवलं, परत उचललं, आणि मूठभर कोंड्याला मला आईकडून विकत घेतलं. मग मी सुईणीची. आईनं मला निसती सांभाळायची. नाव ठेवलं दगड, म्हणजे सटवीला वाटावं, दगड नेऊन काय करायचंय. आणि मी आईला आई म्हणायचं नाही, वैनी म्हणायचं. पोरगा असला तर त्याला परकर नेसवायचा, नाक टोचायचं. पाच वर्षं पुरी झाली की देवीला नैवेद्य करून सुईणीला लुगडं द्यायचं, लेकरू परत घ्यायचं, आणि मग कुठं ते आपलं म्हणायचं.

हे सगळं मला माहीत होतं. माझ्या नावातच होतं. गावातल्या निम्म्या आयांनाही माहीत होतं. आदल्या दिवशी त्या जमावात असा एखादा धोंडू, एखादा उकिरडा नव्हता असं होणारच नाही. पण ती बाई पलीकडची होती. तिच्या अंगावर आम्ही ‘पलीकडची’ एवढंच वाचत होतो. तिच्याकडंही सटवी येत असेल, असं कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्या डोक्यात दुसऱ्याच दिवशी सकाळी उजेड पडला. तेव्हाच उठून साहेबांकडं जायला पाहिजे होतं. दहा पावलांवर कचेरी.

मी नाही गेले.

आधी मी कोवळ्या वयातल्या मूर्खपणाची कबुली दिली, ती सोपी होती. ही अवघड आहे. मी त्या पोराचे केस विंचरले, वेणी घातली आणि त्याला समजावलं, "हे बघ, तुझ्या आईला आई म्हणायचं न्हाई. मी काय तुझी आई न्हाई. मंग मला म्हणलं तं काय होतंय?"

त्यानं विचार केला. साडेचार वर्षांच्या डोक्याला ते पटलं. "मंग तुला म्हणू?"

"म्हण."

"आई," तो म्हणाला. मग पुन्हा म्हणाला. त्याला तो शब्द तोंडात घोळवायला मिळाला याचीच मजा वाटत होती. दिवसभर, पाणी दे आई, वाटी कुठं हाये आई, कावळा बघ आई. रांजण ऐकत होता. मी रांजणाकडं बघत नव्हते.

असे तीन दिवस गेले.

रोज दोन वेळा मी कोठडीत भाकरी न्यायची. ती बाई एक शब्द बोलत नसे. फक्त मी निघाले की एकच विचारायची.

"रडतो का?"

"न्हाई," मी सांगायची.

"बरं झालं," ती म्हणायची, आणि भिंतीला टेकून बसायची. ते ‘बरं झालं’ मला पाठीत लागायचं. पण मी भांडं उचलून निघून यायची.

धुणं घेऊन नदीला गेले की पलीकडच्या काठावर एक माणूस दिसायचा. पांढरा पटका, खांद्यावर घोंगडं. तो तिथंच उभा असायचा. एकदा नाक्यावरच्या शिपायाला ओरडून म्हणाला, "साहेब, माझी मंडळी ऱ्हायली तिकडं. मंडळी आन् कोंड्या." शिपायानं दगड उचलून दाखवला. तो मागं सरला, पण गेला नाही. त्यानंही ‘माझं लेकरू’ म्हटलं नाही. मंडळी आणि कोंड्या. मी खाली मान घालून धुणं आपटत राहिले. इतकं स्वच्छ धुणं मी जन्मात धुतलं नसेल.

चौथ्या दिवशी दुपारी तीर्थपुरीकडून एक बैलगाडी आली. गाडीत एक जमीनदार आणि त्याची बायको. पोटी मूल नाही. बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती, की ठाण्यात बेवारस पोरगा आहे, गोरागोमटा आहे. माणसं वाईट नव्हती. बाईनं सोबत नवीन अंगरखा आणि टोपी आणली होती. ती माझ्या खोलीत आली, कोंड्याला मांडीवर घेतलं आणि म्हणाली, "याची वेणी आधी कापायला लागंल. आन् ते नाव. नाव दुसरं ठिवू."

अमीनसाहेब म्हणाले, "कल सुबह बाई को जालना रवाना करना. बच्चा इनके हवाले. मुचलका लिख लेंगे."

बघा, मला केव्हा न्याय आठवला. आई कोठडीत होती तेव्हा नाही. बाप काठावर उभा होता तेव्हा नाही. पोरगं माझ्या खोलीतून जाणार म्हटल्यावर आठवला. लोक म्हणतात, दगडाबाईनं त्या वेळी धीर दाखवला. धीर कसला. मला मिळत नाही तर हिलाही मिळू नये, एवढंच होतं ते. त्या टोपीवालीवरच्या रागानं मी कचेरीत शिरले. चांगलं काम वाईट कारणानंही होतं, हे मी तिथं शिकले, आणि त्यावर फार खोल जायचं नाही हेही शिकले.

"साहेब, ती बाई चोर न्हाई. ती आई हाये."

साहेबांनी वर पाहिलं. "इने खुद बोलरी, मेरा नहीं."

"म्हणूनच तं. चोर असती तं ‘माझंच हाये’ म्हणून गळा काढला असता. चोरानं कधी ‘माझं न्हाई’ म्हणून पोर सोडलंय का?"

जमादार हसले. "दगडाबाई, काल तूच बोंबललीस ना?"

"चार दिवस झाले त्याला. आन् बोंबलले ते खरं हाये." मी साहेबांकडं वळले. "साहेब, तुमच्या रजिस्टरात माझं नाव काय लिव्हलंय?"

"दगडाबाई."

"दगड म्हंजी पत्थर. कोणती आई आपल्या लेकीचं नाव पत्थर ठिवती? तुमी कधी इचारलं न्हाई."

मग मी सगळं सांगितलं. सुईण, कोंडा, परकर, वैनी. दारात जमीनदार आणि त्याची बायको उभी होती, कारकून होता, दोन शिपाई होते, त्या सगळ्यांसमोर. माझी आई गेली तेव्हाही मी तिला वैनीच म्हणत होते, हेही सांगितलं. पाच वर्षं पुरी झाली तरी ती सवय गेली नाही. तिच्या उशाशी बसून मी "वैनी, पाणी पाहिजे का?" असं विचारलं आणि ती गेली. एकदाही तिच्या कानावर तो शब्द पडला नाही. हे मी कधी कुणाला बोलले नव्हते. कचेरीत कुणी हसलं नाही.

साहेबांनी रजिस्टर मिटलं. मग त्यांनी एक गोष्ट सांगितली. त्यांच्या धाकट्या पोराची शेंडी सात वर्षं कापली नव्हती, दर्ग्याच्या नवसाची होती ती. घरात त्याला ‘फकीर’ म्हणत. "हमारे घर में भी डरते थे," असं म्हणाले, आणि उठले. "पण सबूत? तुझं नाव हा सबूत होत न्हाई, बाई." मराठी ते असं मधेच बोलत, रागावले की किंवा मऊ झाले की.

त्यांनी बाईला समोर आणायला लावलं. जमादार तोच जुना प्रश्न विचारायला निघाले, तसा साहेबांनी हात केला. मला म्हणाले, "तू पूछ. लेकिन बच्चे का मत पूछ."

मला क्षणभर कळलं नाही. मग कळलं. मी तिच्यासमोर खाली बसले आणि विचारलं, "ह्याच्या आधी किती गेली?"

तिनं पहिल्यांदा माझ्याकडं नीट पाहिलं.

"तीन," ती म्हणाली.

"कोण कोण?"

"थोरली पोरगी. दोन वरसाची व्हती, गोवरानं गेली. तिच्या मागची बारा दिसाची. मंग पोरगा. त्याला दात आल्ते." तिनं बोटानं आपल्या हिरडीवर दाखवलं, कुठं आल्ते ते. "वरचे दोन."

"कुणाची व्हती ती?"

"माझी," ती म्हणाली. "तिन्ही माझी."

मेलेल्यांना माझं म्हणायला तिला बंदी नव्हती. सटवी मेलेल्यांकडं परत येत नाही. चार दिवसांत जी रडली नव्हती ती तिथं खाली बसून रडायला लागली, आवाज न करता, आणि कारकुनानं लेखणी ठेवून दिली. जमीनदाराच्या बायकोनं हातातली टोपी घडी करून पदराखाली घेतली आणि नवऱ्याला म्हणाली, "चला, गाडी जुंपा."

साहेबांनी आदली जबानी फाडली नाही, फाडता येत नाही. तिच्याखाली दुसरी लिहवून घेतली आणि पोर आईच्या हवाली केल्याचं नोंदवलं. पण चिठ्ठी तिच्याजवळ अजूनही नव्हतीच. हुकूम हुकमाच्या जागी होता. म्हणून त्याच दुपारी तिला नदीपार घालायचं ठरलं.

पुढच्या दारानं नेता येईना. लोक जमले होते. चोर नाही, हे जमादारांनी बाहेर जाऊन सांगितलं. एक जण म्हणाला, "चोर नसंल, पण पलीकडली तं हाये ना?" बाकीच्यांनी माना डोलावल्या. तोच प्रश्न त्यांना पुरेसा वाटत होता. कासारीण मात्र मागच्या दाराशी येऊन उभी होती. तिनं दोन बांगड्या माझ्या हातात दिल्या, त्या बाईला भरायला. बाईनं त्या घेतल्या नाहीत. माझ्याकडंच राहिल्या. अजून आहेत.

मी त्यांना नदीपर्यंत पोचवायला गेले. सोबत एक शिपाई, तो मागं राहिला. ऊन होतं, पाणी चमकत होतं. पलीकडं पांढरा पटका दिसला, आणि तो माणूस घोंगडं टाकून थेट पाण्यात शिरला. नाक्यावरचा शिपाई तोंड फिरवून उभा राहिला.

पाण्याच्या कडेला मी तिला सांगितलं. सांगायची गरज नव्हती, पण मला ते घेऊन परत जायचं नव्हतं. म्हटलं, "मला दुसऱ्याच दिवशी कळलं व्हतं. तीन दिवस मी गप बसले. तो माझ्याकडं ऱ्हावा म्हणून."

तिनं कोंड्याला खाली उतरवलं. कोंड्याच्या परकराची गाठ सोडून पुन्हा बांधत बसली. मी बांधलेली गाठ तिला पसंत नसावी. मग त्याला कडेवर घेऊन ती पाण्यात उतरली.

दोन पावलं गेल्यावर कोंड्यानं मान मागं वळवली आणि मला हाक मारली, "आई, तू बी चल ना."

ती थांबली. पाण्यात, पाठमोरी. मला वाटलं, आता ही मला शिव्या देईल, आणि दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

नोकरी पुढं पुष्कळ झाली. राज्य बदललं, वर्दी बदलली, नदीवरचा नाका गेला. माझा दुसरा पाट लागला, पोरं झाली, नातवंडं झाली. चिठ्ठी नसलेली माणसं मला अनेकदा हद्दीवरून परत घालावी लागली, कारण माझी नोकरीच ती होती. पण एक केलं. कुणाला विचारताना मी आधी त्याच्या घरच्या गेलेल्यांचं विचारायची. त्यातून माणूस कुठलाही असो, तो आपल्याकडचाच निघतो. खात्यात मला त्यावरून हसत. हसू दे.

आणि नातू मला विचारतो, की बाबा आणि आत्या तुला ‘पोलीसबाई’ का म्हणतात, आई का म्हणत नाहीत? त्यांना तसंच शिकवलंय मी, जन्मल्यापासून. शिस्त असते पोलिसांच्या घरात, असं मी त्याला सांगते. तो विश्वास ठेवतो. लहान आहे.

खरं कारण त्या नदीत आहे. ती बाई वळली. तिच्या चेहऱ्यावर राग होता का दया होती, ते मला तेव्हा कळलं नाही, आजही ठरवता येत नाही. ती जे बोलली, ते जसंच्या तसं लिहिते:

"म्हणू द्या, बाई, म्हणू द्या त्याला. आता सटवी त्याच्या आईचं घर हुडकत आली, तं तुमच्या दारात येईल."